वाचकांचे प्रश्न : सुईवर अडकलेला स्वेटर

विणकामाविषयीचे प्रश्न गेल्या अंकात मागवले, तेव्हा नव्या नमुन्यांबद्दल विचारणा होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आलेली बहुतेक पत्रे अर्ध्यावर राहिलेल्या कामांबद्दलची आहेत. पत्रे मुख्यतः नागपुरातूनच आली असल्यामुळे उत्तरेही इथल्या ऋतूंचा आणि सणावारांचा हिशेब धरून दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी एका शासकीय कार्यालयात नोकरी करते. तीन हिवाळ्यांपूर्वी यजमानांसाठी केबलच्या, म्हणजे वेणीसारख्या वळणांच्या विणीचा स्वेटर सुरू केला. पाठ पूर्ण झाली आहे, पुढचा भाग निम्मा झाला आहे आणि बाह्यांना अजून हातही लावलेला नाही. दरवर्षी दिवाळी आटोपली की पिशवी काढते, चार दिवस विणते आणि संक्रांतीच्या सुमारास पुन्हा कपाटात ठेवते. घरात दोन शाळकरी मुले आणि सासू-सासरे आहेत. यंदा तो पूर्ण व्हावा यासाठी काय ठरवावे? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : तुम्ही काम हाती घेता तो महिनाच चुकीचा आहे. दिवाळीनंतर गारवा सुरू झाला की आपल्याला लोकर आठवते; परंतु तुमच्यासारख्या शासकीय नोकरीत असलेल्यांसाठी तोच काळ हिवाळी अधिवेशनाच्या धावपळीचा असतो. संध्याकाळी घरी परतण्याची वेळ ज्या दिवसांत तुमच्या हातात नसते, त्याच दिवसांवर तुम्ही सर्वांत किचकट कामाची भिस्त ठेवता. नागपूरची खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची आणि ती फार थोडे दिवस टिकते. त्या दिवसांत स्वेटर अंगावर हवा असेल, तर तो पावसाळ्यात विणावा लागतो.

आता हिशेब मांडू. छाती 40 इंच असलेल्या पुरुषाच्या स्वेटरचा घेर, थोडा सैलपणा धरून, 44 इंच म्हणजे सुमारे 112 सेंटिमीटर ठेवावा लागतो. मध्यम जाडीच्या लोकरीचे 8 नंबरच्या (4 मिलिमीटर) सुईवर 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 22 टाके आणि 28 ओळी बसतात. त्यानुसार 56 सेंटिमीटर रुंद आणि 66 सेंटिमीटर लांब पाठीला सुमारे 123 टाक्यांच्या 185 ओळी, म्हणजे बावीस-तेवीस हजार टाके लागतात. पुढचा भाग गळ्यामुळे थोडा कमी होतो आणि प्रत्येक बाहीचे नऊ-एक हजार टाके होतात. तुमच्याजवळ उरलेले काम निम्मा पुढचा भाग आणि दोन बाह्या एवढे, म्हणजे 29 हजार टाक्यांच्या आसपास आहे. मिनिटाला 20 टाके हा सवयीच्या हाताचा बेताचा वेग धरला, तर ते सुमारे 24 तासांचे काम झाले. रोज अर्धा तास आणि आठवड्याचे पाचच दिवस धरले, तरी दहा आठवडे पुरतात. केबलच्या ओळी सावकाश जातात म्हणून बारा धरा, शिवण आणि गळ्याच्या पट्टीसाठी एक आठवडा वाढवा. तुमचा स्वतःचा वेग काढायचा असेल, तर एखाद्या साध्या दिवशी एक संपूर्ण ओळ घड्याळ लावून विणून पाहा आणि वरचे आकडे त्याप्रमाणे बदला. तीन वर्षे मनावर ओझे होऊन बसलेले काम प्रत्यक्षात एका पावसाळ्याचे आहे, हे कागदावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

विदर्भातील शाळा जूनच्या शेवटी उघडतात. वह्या-पुस्तके, गणवेश आणि डब्यांची घडी बसायला दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा जुलैच्या मध्यावर सुरुवात करावी. पोळा, लगेच येणारा तान्हा पोळा आणि त्यानंतरच्या महालक्ष्म्या, या काळातील दोन आठवडे विणकाम होणार नाही असे आधीच लिहून टाका. महालक्ष्म्यांच्या पुरणावरणाच्या आणि सोळा भाज्यांच्या गडबडीत सुई हातात घेता आली नाही म्हणून जी हळहळ वाटते, ती पुढचा सगळा बेत मोडते. सुट्टी आधीच धरलेली असेल तर हळहळ वाटण्याचे कारण उरत नाही. असे एकूण पंधरा आठवडे धरले, तरी ऑक्टोबरच्या अखेरीस स्वेटर सुईवरून उतरतो आणि अधिवेशनाशी त्याची गाठ पडत नाही.

‘यंदा पूर्ण करायचाच’ हा निश्चय झाला. त्यावरून आज संध्याकाळी काय करायचे ते कळत नाही. त्यासाठी छोट्या वहीत दर आठवड्याचे मोजता येईल असे एकच काम लिहावे. ‘पुढचा भाग मुंढ्यापर्यंत’, ‘गळ्याचे टाके दोन्ही बाजूंना वेगळे’, ‘बाह्यांच्या बॉर्डर’ अशी ती नोंद असावी. बाह्या मात्र एकीनंतर दुसरी अशा विणू नका. एकाच लांब सुईवर दोन्ही बाह्यांचे टाके घालून लोकरीच्या दोन वेगळ्या गुंड्यांनी बरोबरच विणाव्यात. वाढवलेले टाके दोन्हीकडे एकाच ओळीत येतात, लांबीत फरक पडत नाही आणि मुख्य म्हणजे पहिली बाही झाल्यावर दुसरीचा जो कंटाळा येतो, त्याला वावच मिळत नाही. माझ्या पाहण्यातले निम्मे अर्धवट स्वेटर दुसऱ्या बाहीवरच अडलेले आहेत.

कामाची विभागणी मनाच्या स्थितीप्रमाणेही करावी. केबल वळवण्याच्या ओळी घर शांत असतानाच्या. मधल्या साध्या ओळी मुलांचा अभ्यास घेताना किंवा मालिका बघतानाच्या. दिवसभराच्या कामाने डोके शिणलेले असताना केबलला हात लावला की वेणी उलटीकडे वळते, आणि ते चार ओळींनंतर लक्षात येते.

घरातल्यांना हा बेत माहीत असणे आवश्यक आहे. ‘वेळ मिळाला की विणते’ असे म्हटले, की आपल्या घरांत तो वेळ दुसऱ्या कोणत्यातरी कामाला आपोआप लागतो. साडेनऊ ते दहा हा अर्धा तास माझा आहे, असे स्पष्ट सांगावे. स्वेटर ज्यांच्यासाठी आहे, त्या यजमानांनी तेवढ्या वेळात ओटा आवरायला हरकत नसावी.

सुरुवात करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. तीन वर्षांत हाताचा ताण बदलतो, म्हणून नवा छोटा चौकोन विणून त्याचे टाके जुन्या भागाशी मोजून पाहा. आणि यजमानांची छाती पुन्हा मोजा. माप वाढले असेल तर झालेले काम उसवण्याची गरज नाही; दोन्ही कुशींना मुंढ्याखाली चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या एक सुलट-एक उलट विणीच्या पट्ट्या विणून जोडल्या आणि त्याच बाह्यांच्या आतल्या शिवणीपर्यंत नेल्या, की घेर आठ-दहा सेंटिमीटरने वाढतो. पाहणाऱ्याला तो नमुन्याचाच भाग वाटतो.

प्रश्न : माझ्या ट्रंकेत नातीचा पोंचो, एक शाल, एकच पायमोजा, क्रोशाचा पलंगपोस आणि भावाचे अर्धे जाकीट असे सगळे पडून आहे. कोणते आधी घ्यावे ते सुचत नाही, आणि ट्रंक उघडली की नवीनच काहीतरी सुरू करावेसे वाटते. (एक वाचक, महाल)

उत्तर : सगळ्या वस्तू एकदाच पलंगावर काढा आणि प्रत्येकीसाठी एकच प्रश्न विचारा : हे आज कुणी समोर ठेवले, तर मी पुन्हा सुरू करीन का? नात पोंचोच्या मापाबाहेर गेली असेल किंवा भाऊ आता जाकीट घालतच नसेल, तर त्या वस्तू पूर्ण करण्याचे कारण संपले आहे. त्या उसवाव्यात. अनेकींना उसवणे म्हणजे हार मानणे वाटते. मला तसे वाटत नाही. विणलेला वेळ कसाही परत येणार नाही, लोकर मात्र परत मिळते.

उसवताना शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जावे, लडी तयार झाली की चार ठिकाणी सैल गाठी बांधाव्यात, कोमट पाण्यात भिजवून हाताने दाबून पाणी काढावे आणि सावलीत टांगावी. खऱ्या लोकरीचे वळ पाण्याने बरेचसे निघून जातात. ॲक्रिलिकचे तेवढे निघत नाहीत, पण म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवू नये, कारण धागा चपटा आणि निर्जीव होतो. जुन्या लोकरीचे लेबल हरवले असेल, तर बोटभर धागा स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळालेल्या केसांसारखी वास देते आणि तिची राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा साठवणीसाठीही उपयोगी पडते, कारण कसर लागते ती खऱ्या लोकरीला. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा तिला विशेष आवडते. म्हणून अर्धवट कामसुद्धा पावसाळ्यापूर्वी उन्हात झटकून, स्वच्छ करून आणि पूर्ण सुकवूनच ट्रंकेत ठेवावे. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर त्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

उरलेल्या वस्तूंपैकी एक मोठी आणि एक लहान एवढ्याच बाहेर ठेवा. तुमच्या यादीवरून मी शाल आणि दुसरा पायमोजा निवडीन. पलंगपोस चौकोनांचा असेल तर तो सध्या तसाच राहू द्यावा. चौकोन वर्षभर सवडीने होत राहतात आणि कुठेही थांबले तरी काही बिघडत नाही. नवीन सुरू करण्याची इच्छा झाल्यास सीताबर्डीला किंवा इतवारीला जाण्याआधी ट्रंकेतली लोकर वजन करून पाहा. इच्छा तिथेच ओसरते, असा अनेकींचा अनुभव आहे.

प्रश्न : सासूबाईंनी माझ्या दिरांसाठी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ आणि पुढचा भाग झाला, पण संधिवातामुळे त्यांची बोटे आता वळत नाहीत. त्या काही बोलत नाहीत, तरी पिशवी डोळ्यांसमोरच ठेवतात. मी पूर्ण केला तर दोन हात वेगळे दिसतील का? (एक सून, नंदनवन)

उत्तर : दिसू शकतात, पण ते कमीत कमी दिसतील असे करता येते, आणि तुमच्या बाबतीत जोड नेमका योग्य जागी आला आहे. एकाच भागात मध्येच हात बदलला असता तर आडवी रेघ उमटली असती. बाह्या स्वतंत्र भाग असल्यामुळे तिथला थोडाफार फरक मुंढ्याच्या शिवणीत झाकला जातो.

आधी त्यांच्या पाठीवर सपाट जागी पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी आहेत ते मोजा. त्याच लोकरीने आणि त्याच सुयांनी तुमचा एक चौकोन विणा. तुमचे टाके जास्त भरले, तर तुमचा हात घट्ट आहे आणि जाड सुई घ्यावी लागेल. कमी भरले, तर बारीक. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात हे लक्षात असू द्या : 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 9 नंबर 3.75 आणि 10 नंबर 3.25. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. नव्या सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेव्हा सासूबाईंच्या सुया आणि दुकानातून आणलेल्या सुया यांची गल्लत होऊ देऊ नका.

याहून बारीक गोष्ट टाक्याच्या बसण्याची आहे. काही जणींना सुलट टाका मागच्या बाजूने सुई घालून घेण्याची सवय असते आणि मग टाक्याचे दोन पाय एकमेकांवर चढून पीळ पडतो. त्यांच्या पाठीवरचा एक टाका उजेडात नीट पाहा. पाय मोकळे असतील तर नेहमीप्रमाणे विणा. पीळ असेल तर तुम्हालाही बाह्यांपुरती तीच सवय लावावी लागेल. हे त्यांनाच विचारून घेतलेले उत्तम, कारण चाळीस वर्षांची सवय हातात असते, तोंडी सांगता येत नाही. त्यांना दोन टाके घालायला लावा आणि बघत राहा.

लोकर कमी पडण्याची शक्यता आहे. पिशवीत लेबल असेल तर त्यावरचा रंगाचा लॉट नंबर पाहा. तोच लॉट मिळाला नाही, तर नवी लोकर केवळ बॉर्डर आणि गळ्यासाठी वापरावी, किंवा बाह्यांत जुनी आणि नवी दोन-दोन ओळी आलटून पालटून घ्यावी, म्हणजे छटेतला फरक एका जागी साचत नाही.

काम पूर्ण झाल्यावर शिवण सासूबाईंना करू द्या. मोठ्या नेढ्याची बोथट सुई दुखऱ्या बोटांतही धरता येते, आणि घाई नसेल तर ते काम रोज वीतभर झाले तरी चालते. त्यांना तेही जमत नसेल, तर ओळींची मोजणी त्यांच्याकडे असावी. स्वेटर कोणी विणला असे दिरांनी विचारले, तर काय उत्तर द्यायचे ते तुम्ही दोघींनी ठरवा. त्यात मी पडत नाही.

प्रश्न : घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. सुई दिसली की ओढतो, टाके गळतात आणि मी आठ दिवस कामाकडे बघत नाही. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : या वयाच्या मुलापुढे उघड्या टोकदार सुया ठेवूच नयेत, टाक्यांपेक्षा डोळ्यांची काळजी मोठी आहे. दोन सुयांना वायरने जोडलेली गोल सुई घ्या. सपाट भागही तिच्यावर विणता येतो, आणि काम थांबवताना टाके वायरवर सरकवले की ते सहजी निसटत नाहीत. सुईच्या टोकांना खोडरबराचे तुकडे खोचावेत. ओळ अर्धवट सोडून उठू नका, आणि उठावेच लागले तर पिशवी खुंटीला टांगूनच उठा. दर दहा-पंधरा ओळींनंतर वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा शिवणसुईने त्या ओळीच्या सर्व टाक्यांतून ओवून ठेवावा. त्यानंतर कितीही ओढाओढ झाली, तरी वीण त्या दोऱ्याखाली उसवत नाही आणि टाके तिथून पुन्हा सुईवर घेता येतात. दोऱ्याच्या ओळीचा क्रमांक वहीत लिहिला, की पुढे नमुना कुठून सुरू करायचा हा प्रश्नही मिटतो. मुलगा शाळेत जाईपर्यंत केबलच्या भानगडीत पडू नका. साधी सुलट-उलट वीणही सुंदर दिसते.

प्रश्न : बहिणीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. स्वेटर कोणत्या मापाचा आणि कधी सुरू करू? (एक मावशी, वर्धा रोड)

उत्तर : मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला नागपुरात स्वेटर लागणार तो पुढच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे ते नऊ महिन्यांचे झाल्यावर. नवजात बाळाचे माप घेऊ नका. वर्षाच्या बाळाची छाती साधारण 46 सेंटिमीटर असते, त्यावर चार-पाच सेंटिमीटर सैल ठेवा. समोरून उघडणारा असावा, कारण रांगणाऱ्या बाळाच्या डोक्यातून कोणताही कपडा घालणे कठीण असते. दिवाळीपर्यंतचा वेळ तुमच्याजवळ आहे. बारशाला सुती धाग्याची टोपी चालेल.

प्रश्न : विणताना मनगट दुखते, अंगठ्याकडची दोन बोटे बधिर होतात. तरी ठरवलेल्या ओळी पूर्ण करते. (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : करू नका. ओळींचा नेम मोडला तर एक दिवस जातो, मनगट बिघडले तर हंगाम जातो. दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवाव्यात, स्वेटरचे वजन मांडीवर किंवा उशीवर घ्यावे. बोटे बधिर होणे मात्र साध्या थकव्याचे लक्षण मानू नये. ते मनगटातील नस दाबली गेल्यामुळेही होते. आठवडाभर विणणे बंद ठेवूनही फरक पडला नाही, किंवा रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलांना सुट्ट्या असल्यामुळे मला निवांत वेळ मिळतो तो मे महिन्यातच, पण त्या उन्हाळ्यात लोकर मांडीवर घेववत नाही. (एक शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना कुणालाच घेववणार नाही. घामाने ॲल्युमिनियमच्या सुया चिकट होतात, टाके सरकत नाहीत आणि हात नकळत घट्ट पडतो; मग पावसाळ्यात त्याच स्वेटरचा वरचा भाग सैल निघतो. बांबूच्या सुयांनी थोडा फरक पडतो. कूलरसमोर बसूनही मोठी पाठ विणू नका, कारण दमट हवेत हाताला घाम अधिकच सुटतो.

मे महिना तयारीचा समजावा. नमुना निवडणे, चौकोन विणून धुऊन माप घेणे, सर्व ओळींचे गणित कागदावर मांडणे, जुन्या लडी उसवून धुणे, ही कामे पहाटे सहा ते आठ या वेळात होतात, आणि लडी इथल्या उन्हाच्या दिवसांत सावलीतही पटकन वाळते. विणायचेच असेल तर मांडीवर न रेंगाळणारे लहान भाग घ्यावेत : खिसे, कॉलर, टोपी. किंवा सुती धागा आणि क्रोशाची सुई घेऊन बसावे. मोठ्या स्वेटरची लोकर मात्र याच दिवसांत एकदम घेऊ नका. उन्हाळ्यात दुकानांतून रंग कमी असतात. सप्टेंबरपासून नवा माल येऊ लागतो आणि एका लॉटचे सगळे गुंडे तेव्हाच मिळण्याची शक्यता जास्त. मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते, केबल असेल तर त्याहून जास्त. एक गुंडा जास्तीचा घ्यावा आणि न लागल्यास परत घेणार का, ते दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारून ठेवावे.